नानांनी हो म्हटलं

५ जानेवारी, रविवार

नानांनी हो म्हटलं!

घरात कोणाला विचारलं नाही, काही नाही. हातातला कप ओट्यावर ठेवला आणि म्हणाले, "हा. मी बसतो बाप म्हणून." संपलं.

झालं असं. सकाळी इफेओमा खाली आली. आमच्या गच्चीवरच्या खोलीत भाड्याने राहते ती. फार्मसीचं शेवटचं वर्ष. घर नायजेरियात, एनुगू नावाच्या गावात. सोबत ओबिन्ना. हा सहा फुटी माणूस मी काम करतो त्या कारखान्यातून एम्ब्रॉयडरीचं कापड घेतो आणि लागोसला पाठवतो. मला वाटलं ऑर्डरचं काही काम असेल. तर ती मायजवळ खाली बसली आणि म्हणाली, आम्ही लग्न करतोय.

माय तिच्या गळ्यात पडून रडायला लागली. मी मोबाईल बघत होतो. मोबाईल बंद होता.

मध्येच मायदेशी गेली तर परत यायला व्हिसाची कटकट, वर्ष बुडेल. म्हणून लग्न इथेच, सुरतेत. पण त्यांच्यात लग्न मुलीच्या बापाच्या अंगणातच लागतं. बाप तर मागच्या वर्षी गेला. तो फोन आला तेव्हा ती आमच्या ओट्यावरच बसली होती, मायसोबत मेथी निवडत. म्हणजे आता तिला बाप पाहिजे आणि अंगण पाहिजे. नानांनी दोन्ही देऊन टाकलं. बाप स्वतः. अंगण म्हणजे सोसायटीचा कॉमन प्लॉट.

आणि मी कोण झालो?

माय डोळे पुसत म्हणाली, "हेमराजले बहीण नव्हती. आते शे."

जेवलो नाही. माय म्हणाली पित्त झालं असेल.

६ जानेवारी, सोमवार

एकदा लिहून टाकतो. माझं तिच्यावर प्रेम आहे. दीड-दोन वर्षं.

कॉलेज सोडलं तेव्हाचं. सोडलं म्हणजे — एकाला वर्गातच हाणला, माफीनामा लिही म्हणाले, नाही लिहिला. दुसरं वर्ष अर्धं राहिलं ते राहिलंच. नाना महिनाभर बोलले नाहीत. नातेवाईक सगळे "का सोडलं" विचारायचे. ती एकटी गच्चीवर कपडे वाळत घालताना म्हणाली, "तो कल क्या करेगा?" का नाही, कल. त्या आठवड्यात मी पर्वत पाटिया भागात मगनभाईच्या कारखान्यात मशिनीवर लागलो.

तिला सांगणारच होतो. उत्तरायणला, गच्चीवर पतंग उडवताना. ठरलं होतं माझं माझ्याशी.

शेजारच्या मशिनीवरच्या कुंदनला तेवढं माहितीय. म्हणाला, "बोला क्यूं नहीं पहले? अब तो तू साला है." साला! खरंच नात्याने साला! बॉबिन फेकून मारली. लागली नाही.

९ जानेवारी, गुरुवार

उजवा हात सुजलाय. डाव्याने लिहितोय, म्हणून थोडंच.

डेअरीवर एक जण तिच्या रंगावरून बोलला. हळू बोलला, पण मला ऐकू जावं असं. दिली ठेवून. दुधाची पिशवी फुटली, त्याचा ओठ फुटला.

वाटलं होतं इफेओमा निदान हात बघेल. बघितला. मग म्हणाली, "तुला कोणी सांगितलं? तू मारून घरी आलास. उद्या दूध आणायला मला जायचंय तिथे." जाताना हळद दे म्हणून मायला सांगून गेली.

१२ जानेवारी, रविवार

आज तिने मायला आणि नानांना सगळं लग्न समजावलं. हिंदी, गुजराती, मध्येच मायकडून शिकलेली अहिराणी. मी दाराशी बसलो होतो. ऐकायचं नव्हतं, ऐकलं.

मुख्य गोष्ट पेल्याची. बाप मुलीच्या हातात ताडीचा पेला देतो. नवरदेव गर्दीत कुठेतरी लपून बसलेला. मुलीने नाचत नाचत त्याला शोधायचं, पुढ्यात गुडघे टेकायचे, आधी स्वतः घोट घ्यायचा, मग त्याला द्यायचा. तो प्यायला की लग्न लागलं. सगळ्यांसमोर, तिच्या पायांनी, तिच्या मर्जीने. कोणी कोणाला ओढत नाही.

नाना म्हणाले, "ताडी? बेटा, हे गुजरात शे!"

ती हसायला लागली. मग ओबिन्नाने विचारलं, ती सकाळची विकतात ती? नीरा! तेच झाड, तोच रस, फक्त चढायच्या आधीचा. नाना मांडीवर थाप मारून म्हणाले, जमली गोष्ट. फक्त लग्न सकाळी लावायचं. ऊन झालं की नीरा आंबते. आंबलेली नीरा म्हणजे पोलीस.

नीरा आणायचं काम कोणाचं? भावाचं!

आणखी एक. ती पेला घेऊन फिरत असते तेव्हा बाकीचे पुरुष तिला हाका मारतात. इकडे ये, मला दे, मीच तो. जितक्या हाका जास्त तितका नवरीचा मान. मी पहिल्यांदा तोंड उघडलं. विचारलं, "कोणीही हाक मारू शकतो?"

"कोणीही," ती म्हणाली. "भाऊ सोडून."

हे सांगताना ती माझ्याकडे बघत होती की मायकडे, कळलं नाही.

१४ जानेवारी, मंगळवार

उत्तरायण. सगळे गच्चीवर. मी खाली. दिवसभर "काप्यो छे!"

१९ जानेवारी, रविवार

लग्नाचं कापड माझ्याच मशिनीवर लागलंय. मगनभाई म्हणाले, "घरनुं काम छे, तू ज कर." त्यांच्यात प्रत्येक बाजूचे सगळे आपल्या एकाच कापडाचे कपडे शिवतात, म्हणजे कोण कोणाचं ते लांबून दिसतं. आमच्याकडचं गर्द लाल, त्यावर सोनेरी वेल. तिच्या मैत्रिणी, माय, शेजारच्या बाया, सगळ्या ह्याच कापडात. माय त्याची साडी करणार आहे. तुकडे जोडून करेल, पण साडीच.

नानांचा शर्ट वेगळा. काळ्या मखमलीवर सोनेरी सिंहांची तोंडं. मोठ्या माणसाचा मान असतो तो. आज मापाला घालून बघितला. गल्लीतला धुडकूमामा त्यांच्याकडे बघून ओरडला, "सुकदेव, मिलमा असता असा तर मालक पळी जाता!" नाना आरशासमोरून हलेनात. आयुष्यभर मिलमध्ये रंगाच्या टाकीपाशी उभं राहून अंगावरचे सगळे कपडे डागाळलेले. त्यांना मखमलीत कधी बघितलं नव्हतं. डोक्यावर मात्र स्वतःची पांढरी टोपीच घालणार. ह्यावर तडजोड नाही.

मी मशीन बंद पाडू शकलो असतो. एक सुई वाकवली की तीन दिवस गेले. विचार आला. मग वेल पूर्ण केली. टाका एकही सुटलेला नाही, कुंदन सुद्धा म्हणाला.

२६ जानेवारी, रविवार

नाना खाटेवर बसून तिची इग्बो भाषा शिकताहेत! बापाने पाहुण्यांना कोला नावाचं फळ द्यायचं, ज्येष्ठांनी आशीर्वाद म्हणायचा आणि फोडायचं. सुपारीसारखंच, जरा मोठं. तर त्या कोलाला म्हणे इग्बोशिवाय दुसरी भाषा समजत नाही. इंग्रजीत म्हटलं तरी चालत नाही. नाना चार ओळी पाठ करताहेत. इफेओमा एक शब्द म्हणते, नाना म्हणतात, ती हसून भिंतीला टेकते, पुन्हा म्हणते.

तिचा बाप गेला तेव्हा ती महिनाभर हसली नव्हती. हे मला आज बघताना आठवलं. आठवायला नको होतं.

मी नानांवर चिडलेलो आहे. ते तसंच ठेवायचंय मला.

माय म्हणाली, आपलंही काही पाहिजे लग्नात. कानपिळी. नवरीच्या भावाने नवरदेवाचा कान पिळायचा आणि नवरदेवाने भेट दिली की सोडायचा. ओबिन्ना लगेच तयार. कान पुढे करून दाखवला.

१ फेब्रुवारी, शनिवार

ठरलं. उद्या मी हाक मारणार.

भाऊ नानांनी केलं. मी हो म्हटलेलं नाही. ती स्वतः म्हणाली ना, तिच्या पायांनी, तिच्या मर्जीने? मग मलाही एकदा हाक मारू दे, तिला एकदा ऐकू दे. नंतर नाना काय करायचं ते करोत. लग्न मोडलं तर मोडलं.

मोडणार नाही. माहितीय. तरी.

२ फेब्रुवारी, रविवार

सगळं लिहितो, आजच, नंतर बदलून लिहिलं जाईल.

अंधारातच नीरा आणायला शहराबाहेर कामरेजकडे निघालो. थंडी. बाईकच्या टाकीवर बर्फाचा डबा, त्यात नीरेचा कॅन. परत येताना पर्वत पाटियाच्या सिग्नलला उभा होतो. मनात आलं — डबा रस्त्याकडेला ठेवून ऊन व्हायची वाट बघितली तर? बस. लग्नच नाही. हिरवा झाला, निघालो. कॅन वेळेत पोचला. थंडगार.

कॉमन प्लॉट ओळखू येत नव्हता. केळीचे खांब, लाल-सोनेरी पडदे, एका बाजूला मडक्याचे ढोल आणि लोखंडी घंटा घेतलेली त्यांची पोरं. वडोदऱ्याहून, वापीहून, कुठून कुठून विद्यार्थी आलेले. बायांच्या डोक्याला एवढाले फेटे, मागच्या रांगेला काही दिसेना. आमच्या भागातल्या, बमरोलीच्या बाया त्यांच्यात मिसळून बसलेल्या, त्याच कापडात. कोण कोणाचं? सगळे एकाचेच दिसत होते. मोठ्या टीव्हीवर एनुगूहून तिची आई, मावश्या, शेजारपाजार. तिकडे अजून उजाडलंही नव्हतं, पण सगळ्याजणी नटलेल्या.

कोलाचं ताट आलं. नानांच्या शेजारी लाल टोपीवाले एक उंच गृहस्थ उभे, दिल्लीहून आलेले, सगळे त्यांना अंकल म्हणत होते. ते नानांच्या कानात सांगत होते कधी काय करायचं ते. नाना उठले. सिंहांचा शर्ट, पांढरी टोपी. माईक हातात घेतला. आणि चारही ओळी विसरले!

टीव्हीवरच्या मावश्या पुढे वाकून बघायला लागल्या.

नानांनी घसा खाकरला आणि अहिराणीत सुरू केलं. "मन्ही पोर सुखी राहो."

मग अंकलनी हात वर करून आवाज दिला, "इसेऽऽ!" म्हणजे तसंच होवो. मागून सगळ्यांनी, "इसेऽऽ!"

नानांना चेव आला. "जवाई सुखी राहो!" इसेऽऽ! "घरमा भाकर राहो, पानी राहो!" इसेऽऽ! "लेकरंबाळं होवोत, शिकोत, कालेज सोडी नको येवोत!" इसेऽऽ! आमच्या बायाही आता ओरडत होत्या. कॉलेजवर सगळी गल्ली माझ्याकडे बघून हसली. अंकलनी कोला फोडला, एक तुकडा नानांच्या हातावर ठेवला आणि हिंदीत जाहीर केलं, "कोला समझ गया!"

मग पेला.

नानांनी कॅनमधून नीरा ओतली. तिने दोन्ही हातांनी पेला घेतला. गळ्यात, केसांत लाल मणी. अंगावर माझी वेल. ढोल सुरू झाले आणि ती निघाली, वाकून, अगदी हळू पावलांनी, पेल्यातला थेंबही न सांडता.

हाकांचा नुसता कल्ला! "बेबी, इधर!" "इफेबेन, आ बाजू आवो!" कुंदन खुर्चीवर चढला होता. साठीचे मगनभाई ओरडले, "मने आप, मने!" शेजारून शेठाणीने फटका मारला, ते टीव्हीवर एनुगूला दिसलं, तिकडे मावश्या कोसळल्या हसून. ती प्रत्येकासमोर थांबायची, पेला देतेय असं दाखवायची, मान हलवून पुढे जायची.

मी कॅनजवळ उभा होतो. ती माझ्यासमोर आली. थांबली.

मी हाक मारली.

गंमतीची नाही मारली. ओरडलोही नाही. "इफे," म्हणालो. "इथे. मला दे."

ढोलवाल्याचा हात थांबला. नाना माझ्याकडे बघत होते. मग त्यांच्यातला एक पोरगा माईकवर किंचाळला, "भाई ने बुलाया! भाई ने!" आणि सगळा प्लॉट फुटला हसून. भावाने हाक मारली! ऐकलंय का कधी? दंड! दंड! म्हाताऱ्या उठून टाळ्या वाजवायला लागल्या. टीव्हीतली तिची आई तोंडावर हात ठेवून हसत होती. माय हसत होती. दिवसातला सगळ्यात मोठा विनोद मी केला होता.

ती हसली नाही. माझ्याकडे बघितलं. पेला किंचित हलला, थोडी नीरा तिच्या बोटांवर आली. मग वळली, थेट शेवटच्या रांगेत गेली. मित्रांच्या उघड्या छत्र्यांमागे लपलेला ओबिन्ना. गुडघे टेकले. एक घोट तिने घेतला. उरलेलं सगळं त्याने, डोळे मिटून.

लागलं लग्न.

मला दंड म्हणून एकट्याला नाचायला लावलं. नाचलो. काय येतं मला? गणपतीतलं येतं तेच नाचलो. त्यांची पोरं बाजूने येऊन माझ्या कपाळाला नोटा लावत होती, नोटा खाली पडत होत्या. त्यांच्यात ती रीत आहे, नाचणाऱ्यावर नोटा उडवायच्या. पण आमच्या बायांना लक्ष्मी पायाखाली बघवेना! माय पुढे, मागे पाचसहा जणी, सगळ्या वाकून नोटा उचलताहेत, कपाळाला लावताहेत, नवरीच्या ओटीत नेऊन घालताहेत. हे उडवताहेत, त्या उचलताहेत. शेवटी त्यांच्या बायाही उचलायला लागल्या, नाचाच्या ठेक्यात. तो एक नवा नाचच झाला. आता लिहिताना हसू आलं. तेव्हा आलं नव्हतं.

मग कानपिळी. ओबिन्ना माझ्यासमोर वाकला. एवढा मोठा माणूस, मान खाली. कान हातात आला. गरम होता.

मला जितका राग येऊ शकतो तितका सगळा त्या हातात होता. तो हळूच, फक्त मला ऐकू येईल असं म्हणाला, "जोर से, भाई. जितना है उतना."

पिळला. डेअरीवर उठला होता त्याच हाताने, जितना है उतना. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं, पण आवाज नाही काढला. लोक ओरडत होते, सोड रे, सोड! त्याने मनगटावरचं घड्याळ काढून माझ्या हातात बांधलं. तेव्हा सोडला.

पाया पडताना ती नानांच्या पायांशी खूप वेळ राहिली. नाना टोपी काढून डोळे पुसत होते. मी खुर्च्या उचलायला गेलो.

३ फेब्रुवारी, सोमवार

कामावर गेलो. कुंदनने माझा चहा आणून ठेवला.

५ फेब्रुवारी, बुधवार

गच्चीवरची खोली रिकामी झाली. परीक्षेपर्यंत ती ओबिन्नाच्या फ्लॅटवर राहणार, मग दोघं तिकडे. दोरीवर एक चिमटा राहिलाय.

नाना खोलीला चुना लावताहेत. मला हाक मारली मदतीला. गेलो. अर्धी भिंत झाल्यावर मी म्हणालो, "तुम्ही हो म्हणायला नको होतं."

नाना ब्रश चालवत राहिले. म्हणाले, "वरून खाली मार, वघळ येत नही."

९ फेब्रुवारी, रविवार

आज नाना आपणहून बोलले, जेवताना, माय पाणी आणायला उठली तेव्हा.

तो लाल टोपीवाला अंकल तिच्या बापाचा सख्खा धाकटा भाऊ आहे. बापाच्या जागी तोच बसणार होता, तिकडून ठरूनच होतं. इफेओमाने काकाला दिल्लीला फोन करून नको सांगितलं आणि सगळ्यांना सांगायच्या आदल्या दिवशी एकटी नानांकडे आली. नानांनी तिला तेव्हाच विचारलं होतं, चुलता असताना मी कशाला?

ती म्हणाली, "काका बसले तर हेमराज परका राहील. परक्याशी लग्नानंतर मला बोलता येणार नाही, बाबा. त्याचे डोळे मला कधीपासून कळतात."

"मंग मी काय म्हनू?" नाना म्हणाले. "मी हो म्हनं."

माय पाणी घेऊन आली. मी भाकरी मागून घेतली.